यमराजांनी धरलेली शिडी

तमाम भाविक मंडळींस, वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील लहानथोरांस, आणि विशेषेकरून ज्या सोयऱ्यांनी माझ्या तेरवीला जायचं म्हणून धोतरं धुऊन ठेवली होती त्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की यमराजांची जीभ शाबूत आहे. डाव्या कडेला किंचित तोकडी आहे, पण शाबूत आहे. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांना ती बाहेर काढून दाखवण्यात येईल. आजवर इतक्या डॉक्टरांना दाखवून झाली आहे की आता लाज उरलेली नाही.

यमराज म्हणजे मी. पेशानं धानाचा शेतकरी, आरमोरीपासून तासाभराच्या पायवाटेवरच्या गावचा. पण दिवाळी झाली, धान कापून झालं आणि गावोगाव मंडईचे, म्हणजे जत्रांचे, दिवस आले की आमच्या झाडीपट्टीत दंडार उभी राहते. दंडार म्हणजे आमचं नाटक. त्यात वीसबावीस वर्षं मी मार्कंडेयाच्या कथेतला यम करत आलो. मार्कंडेय सोळा वर्षांचा. आमचा मार्कंडेय चाळिशीचा, तीन मुलींचा बाप. तो महादेवाच्या पिंडीला मिठी मारतो, मी गर्जना करून त्याच्या गळ्यात फास टाकतो, आणि महादेव प्रकट होऊन मला लाथ घालतात. मग मी पडतो. माझी गर्जना ऐकून लेकरं आईच्या पदरात शिरत, हे खरंच. पण जाणकार लोक माझं पडणं पाहायला येत. काठी तुटावी तसा मी उभाच्या उभा, पालथा पडायचो. या पडण्याची वाचकांनी नोंद घ्यावी, कारण पुढं त्याच पडण्यानं मला एका ठिकाणी तोंडघशी पाडलं.

तर असा हा यम, आणि त्याच्याच जिभेच्या कडेला एक चट्टा उठला. तंबाखूचा चुना लागला असेल म्हणून मी दोन महिने तूप लावलं. मग वैदूची मुळी चघळली. मग जेवताना कान दुखू लागला आणि गर्जना करताना तोंडात रक्ताची चव येऊ लागली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी जिभेचा कण काढून तपासला आणि कॅन्सर असल्याचं सांगितलं. शब्द मला नवा होता. माझ्या बायकोनं, कौसल्येनं, तो डॉक्टरांना दोनदा म्हणायला लावला आणि मग पदर तोंडाशी धरून भिंतीकडं पाहत बसली. श्रावणात माझ्या जिभेत रेडियमच्या सुया घातल्या. आठवडाभर त्या जिभेत, आणि मी खाटेवर मुका. बावीस वर्षं लोकांना मरणाची भीती घालणारा माणूस तिथं पांढऱ्या चादरीखाली पडून छताच्या कड्या मोजत होता. त्या खाटेवर मी वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोललो. मोठ्यानं बोलता येत नव्हतं, म्हणून मनातच. जीभ राखलीस तर तुझ्या दारी पितळेची घंटा बांधीन.

जीभ राहिली. घरी जाताना डॉक्टरांनी हातात एक कार्ड दिलं आणि माझ्या आनंदावर पाणी ओतलं. ते म्हणाले, "बरे झालात असं मी म्हणत नाही. आत्ता काही दिसत नाही, एवढंच म्हणतो. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. काही दुखत नसलं तरी. दुखत नसलं तर नक्कीच." हे शेवटचं वाक्य मला तेव्हा उलटंच वाटलं. दुखत नसताना दवाखान्यात जाणारा माणूस आमच्याकडं रिकामटेकडा समजला जातो.

पहिल्या दोन वेळा मी गेलो. बैलगाडीनं वडसा, तिथून छोटी रेल्वे, नागभीडला गाडी बदलायची, डबा ठेचकाळत ठेचकाळत नागपूरला पोचायचा, मग धर्मशाळा, मग दवाखान्याचं लाकडी बाकडं. बाकड्यावर माझ्यासारखीच माणसं, गळ्याला पट्ट्या, गालांना बोळे. प्रत्येक जण दुसऱ्याकडं चोरून बघायचा आणि आपली दशा बरी म्हणायचा. डॉक्टर आ करायला लावत, बोटानं जिभेच्या मुळापर्यंत चाचपत, गळ्याच्या दोन्ही बाजू दाबत आणि "ठीक" म्हणत. एवढ्या एका शब्दासाठी पाच दिवस मोडायचे. आणि खरा शीण प्रवासाचा नव्हताच. तारीख जवळ आली की पंधरा दिवस आधीपासून मी रोज आरशात जीभ पाहायचो, रात्रभर ती दातांवर घासायचो, आणि नसलेलं दुखणं उकरून काढायचो. माणूस एकदा मरणाला तयार होतो हो. दर तीन महिन्यांनी नव्यानं तयार होणं जमत नाही.

म्हणून त्या महाशिवरात्रीला नवस फेडायला मार्कंड्याला गेलो तेव्हा मी मनातून एक पळवाट शोधून ठेवली होती. आमच्या घराण्यात चाल अशी आहे की नवस फेडला की देवळातून निघताना मागं वळून पाहायचं नाही, आणि ज्या दुखण्यासाठी नवस केला त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. काढलं तर देवाला वाटतं, याचा माझ्यावर भरवसा नाही. घंटा बांधली, नारळ फोडला, सरळ घाटावर उतरलो. तिथं वैनगंगा वळसा घेऊन उत्तरेकडं वाहते, म्हणून तो घाट पवित्र. पळसाच्या पानाच्या द्रोणात मी फुलं ठेवली, वात ठेवली, आणि फुलांखाली ते दवाखान्याचं कार्ड ठेवलं. द्रोण दूरपर्यंत जाताना दिसला. आसपासच्या लोकांनी हात जोडले. मीही जोडले, आणि इतकं हलकं वाटलं की बऱ्याच दिवसांत तसं वाटलं नव्हतं. आता वाटतं, ते हलकेपण श्रद्धेचं होतं की सुटका झाल्याचं, हे देवाला त्याच वेळी कळलं असणार.

मग वर्षभर मी नागपूरचं नाव काढलं नाही. रोवणीच्या दिवसांत दवाखान्याचं एक पोस्टकार्ड आलं. चिखलाच्या पायांनी बांधावर उभं राहून मी ते वाचलं. तपासणीला आला नाहीत, लवकर यावे, एवढंच होतं. मी ते कौसल्येच्या हातात दिलं, सरकारी कागद आहे म्हणून सांगितलं आणि परत चिखलात उतरलो. जिल्हा त्याच सुमारास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता, सरकारी कागद रोज येत होते, त्यामुळे खोटं पचलं असं मला वाटलं. दिवाळीनंतर मंडईत माझी गर्जना पुन्हा फुटली. लोक म्हणाले, देवानं यमाला जीवदान दिलं. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. जीभ दुखत नव्हती. कुठंच काही दुखत नव्हतं.

पुढच्या महाशिवरात्रीला आमची दंडार मार्कंड्याच्या जत्रेत होती. ज्या जागी मार्कंडेयानं पिंडीला मिठी मारली म्हणतात तिथंच ती कथा करायची, म्हणून दुपारीच उन्हात खेळ लावला. मी गर्जलो, फास टाकला, लाथ खाल्ली, पडलो. लोक बेहद्द खूश झाले. पण उठताना मला उठवेना. अंग दुखत नव्हतं, नुसता थकलो होतो, आतून रिकामा झाल्यासारखा. तोंडाला काजळी, डोक्याला लाकडी शिंगं, मिशा अशा अवतारात मी गर्दी टाळून देवळाच्या मागं सावलीला गेलो.

तिथं एक म्हातारी बांबूच्या शिडीवर उभी होती. हाडांची मोळी, नऊवारीचा काष्टा, हातात वाकडी विळी. देवळाच्या भिंतीतल्या फटीत ती काहीतरी खरवडत होती. माझी चाहूल लागली तशी मागं न बघता म्हणाली, "शिडी धर गा जराशी. हालते."

मी धरली. मग तिनं खाली पाहिलं. शिंगं पाहिली, काजळी पाहिली. जत्रेत लेकरं ज्याला पाहून पळतात त्या यमराजाकडं तिनं आपल्या बैलाकडं पाहावं तसं पाहिलं.

"यम हायेस का? बरं झालं. धट्टाकट्टा दिसतेस. दोनी हातानं धर."

शिंगं पायरीत अडकत होती, म्हणून मान वाकडी करून मी उभा राहिलो. थोड्या वेळानं ती उतरली. तिच्या हातात बोटभर उंचीचं पिंपळाचं रोपटं होतं, तीन पानं आणि पानांच्या चौपट लांब मूळ. तिनं ते जमिनीवर ठेवलं, हात जोडले, आणि कनवटीच्या ओल्या फडक्यात गुंडाळलं. मी देवाधर्माचा माणूस. मला राहवेना. पिंपळ उपटणं म्हणजे पाप, आणि तेही देवाच्या भिंतीतला, असं मी तिला जरा यमराजाच्याच आवाजात सुनावलं.

तिनं विळीच्या टोकानं पलीकडचं एक लहान देऊळ दाखवलं. त्याची भिंत वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती, आणि चिरेतून मांडीएवढी मुळी बाहेर आली होती. पाप लागते म्हणून त्याले कोनी हातच नाई लावला, ती म्हणाली. लोकं हळदकुंकू वाहत राह्यले आन झाड भिंत खात राह्यलं. "तिथी बी आत देवच होता ना बापा."

मी विचारलं की हे असं किती दिवसांनी करतेस. दर पंधरवड्याले, ती म्हणाली. या फटीतलं मागच्याच खेपेला काढलं होतं. वरून साफ दिसत होतं, पण मुळीचा एखादा धागा राहून गेला असेल, तर तिथून पुन्हा फुटतं. बोटाएवढं असतं तेव्हा विळीनं निघतं. हाताएवढं झालं की भिंत उकलल्याशिवाय निघत नाही. काही दिसत नसेल तर काय करतेस, मी विचारलं. तर म्हणाली, नाई दिसलं तं शिडी उचलते आन घरी जाते, आन पंधरा दिवसानं पुन्हा येते.

 तरी मी शेवटचा डाव टाकला, कारण तो मी वर्षभर स्वतःला सांगत आलो होतो. मी म्हटलं, माय, देव स्वतः आत बसला आहे. त्यानं हे देऊळ इतकी शतकं राखलं. मग दर पंधरवड्याला येऊन पाहणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास नाही का?

ती शिडी खांद्यावर घेत होती. थांबून तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू शिंगांखाली खरंच काही डोकं आहे की नाही, याचा अंदाज घेत असावी.

"देव आत हाये म्हणून तं पाहावं लागते," ती म्हणाली. "रिकाम्या घराले कोन पाहाते?"

एवढं बोलून ती घाटाकडं निघून गेली. मी तिथंच देवळाच्या पायथ्याशी बसलो. माझ्या घराण्याची चाल, तो द्रोण, ते हलकेपण, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नवस फेडल्यावर मागं पाहायचं नाही ही चाल माणसानं गुंतून राहू नये म्हणून असेल. मी मात्र तिच्याआड लपलो होतो. देवाला शरण गेलो असं लोकांना सांगत होतो, आणि खरं पाहता त्याच्या दारात ओझं टाकून पळून आलो होतो. जीभ त्यानं दिली, तो माझ्या आत राहतो असं मी रोज सकाळी स्नान करताना म्हणायचो, आणि त्या घराच्या भिंती वर्षभरात एकदाही मी कुणाला पाहू दिल्या नव्हत्या. भिंतीवर हळदकुंकू मात्र वाहत होतो.

घरी आल्यावर कौसल्येला म्हणालो की नागपूरला जातो म्हणतो, पण कार्ड तर नदीत सोडलं. ती उठली. देवघरात गेली, बाळकृष्णाच्या पाटाखाली हात घातला आणि ते रोवणीतलं पोस्टकार्ड काढून माझ्यापुढं धरलं. हळदकुंकवानं ते लालपिवळं झालं होतं. तिला अक्षर वाचता येत नाही. म्हणाली, "मले वाचता येत नाई, तुमचं तोंड येते. कागद देतानी तुमी माह्याकडं पाह्यलं नाई, तवाच समजली." आणि सात महिने ती रोज त्या कागदाची पूजा करत होती. तिनं एकदाही मला टोकलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाली, नवसाची चाल तुमच्या घरची, मी मोडली असती तं उद्या काही झाल्यावर तुमच्या घरच्यांनी मलेच धरलं असतं. या बाईला मी कधी दंडारीत काम दिलं नाही. अर्थात बाया दंडारीत काम करत नाहीत. पण केलं असतं तर आम्हा सगळ्यांना घरी बसावं लागलं असतं.

पुन्हा वडसा, पुन्हा नागभीड, पुन्हा ते बाकडं. डॉक्टरांनी ते लालपिवळं पोस्टकार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं आणि रागवायचं राहून गेलं. आ करा म्हणाले. मी आ केला. या खेपेला ते "ठीक" म्हणाले नाहीत. खिडकीपाशी नेलं, जीभ फडक्यात धरून ओढली, आणि जुन्या जखमेच्या मागच्या टोकाला, जिथं माझा आरसा कधी पोचला नव्हता, तिथं बोट टेकवून थांबले. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी होतं. दुखतं का, विचारलं. मी मान हलवली. अजिबात दुखत नव्हतं. सहा महिने अजून थांबला असतात, ते म्हणाले, तर अर्धी जीभ काढूनही पुरलं असतं की नाही, मी सांगू शकलो नसतो. आता कडेचा एवढाच तुकडा काढतो.

तो तुकडा काढला. त्यानंतरचे दिवस मी मीठमसाला लावून सांगू शकत नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यावरूनच काय ते कळेल. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. बोललेलं परिचारिकेला समजायचं नाही, ती कौसल्येकडं पाहायची आणि कौसल्या माझं बोलणं तिला समजावायची, बऱ्याचदा चुकीचं. मी पेज मागितली की मला उशी मिळायची. इतका शीण आला होता की देवाचं नाव घेणंही जमेना. मग मी ते सोडून दिलं. नुसता पडून राहायचो, आणि डॉक्टर आले की तोंड उघडायचो. एका सकाळी असं तोंड उघडून पडलो असताना जाणवलं की आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीही न लपवता कुणापुढं तरी पडून आहे. जे असेल ते सापडू दे, जे सापडेल ते मान्य आहे, पुढचं तू बघ. मी इतकी वर्षं हात जोडले, लोटांगणं घातली, घंटा बांधली. शरण जाणं मला त्या दिवशी जमलं, आणि त्यासाठी फक्त आ करावा लागला.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी जातो. कंटाळा अजून येतो. तारीख जवळ आली की झोप अजून उडते, आणि नागभीडच्या फलाटावर बसून दर खेपेला वाटतं की इथूनच परत फिरावं. देवानं भीती काढून घेतली नाही, शीणही काढून घेतला नाही. मीही आता मागत नाही. डॉक्टर चाचपतात, "ठीक" म्हणतात, मी शिडी उचलतो आणि घरी येतो. पहिल्या वर्षी आवाज उमटत नव्हता म्हणून दंडारीत मला नंदी केलं. नंदीला बोलायचं नसतं, आणि लोक म्हणाले की माझं इतकं सुंदर काम त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. जे कुणी माझ्यासारखे एकदा वाचलेले आहेत, आणि आता काही दुखत नाही म्हणून बाकड्यावर बसायचं टाळत आहेत, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की जो वाचवतो तोच पाहायला पाठवतो. कधी पोस्टकार्डानं, कधी विळी घेऊन. नवस फेडून झाला असेल, तरी त्याच्यासाठी तोंड उघडत जा.

त्या म्हातारीचं सांगायचं राहिलं. पुढच्या महाशिवरात्रीला मी तिला शोधायला गेलो. मनात आलं होतं की ती सापडायचीच नाही, कुणी तिला पाहिलेलंच नसेल, आणि मला सांगायला एक झकास चमत्कार मिळेल. पण पहिल्याच माणसानं सांगितलं, पलीकडच्या ढिवरांची सोनाबाई, घाटाच्या खाली असंल, कोणाशी तरी भांडत असंल. घाटाच्या खाली ती खरंच होती. भिंतीतून काढलेली रोपटी ती तिथं नदीकाठच्या मऊ मातीत लावत होती. ओळीनं दहाबारा पिंपळ, काही गुडघ्याएवढे, काही नुकतेच रोवलेले. मी जवळ गेलो, ओळख दिली. तिला मी आठवत नव्हतो. यम आठवत नव्हता, शिडी आठवत नव्हती. दरवेळी कोनी ना कोनी धरते, म्हणाली.

 बोलायला गेलो तर तोकड्या जिभेनं साथ दिली नाही. मग मी मला जे सगळ्यांत चांगलं येतं ते केलं. हात जोडले, डोळे मिटले, आणि काठी तुटावी तसा उभाच्या उभा तिच्या पायांवर पालथा पडलो. घाटावरची माणसं बघत उभी राहिली. माझे अश्रू त्या मातीत मुरत होते आणि मी तिच्या आशीर्वादाची वाट पाहत होतो. आणि माझ्या डोक्यावर ती ओरडली,

"उठ ना बापा, माह्या रोपट्यावर पडलास!"